खुर्चीच्या दोन्ही बाजूंना : दंत रुग्णालयातील आरोग्य-धोक्यांचा इतिहास आणि बेळगाव–निपाणी सीमाभाग

प्रस्तावना

दंतवैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय ही इतर रुग्णालयांपेक्षा जरा निराळी संस्था आहे. येथे रुग्ण आणि उपचार करणारा यांच्यात वीतभराचेही अंतर नसते. उपचार करणारा बहुधा वीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी असतो, त्याच्या हातात अणकुचीदार हत्यार असते आणि समोर लाळ व रक्त असलेले उघडे तोंड असते. रुग्ण बहुतांशी गरीब असतो. बाजारातल्या दवाखान्यापेक्षा येथे पैसे कमी लागतात म्हणून तो येतो, आणि त्या सवलतीच्या बदल्यात शिकणाऱ्या हाताला आपले तोंड देतो. हा व्यवहार कोणी कागदावर लिहीत नाही, पण दोघांनाही तो ठाऊक असतो.

या व्यवहारात धोका दोन्ही बाजूंनी वाहतो. विद्यार्थ्याला रुग्णाकडून, रुग्णाला विद्यार्थ्याकडून, आणि एका रुग्णाचा दुसऱ्याला हत्यारांच्या मार्फत. या धोक्यांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट सतत समोर येते. संरक्षण आधी त्याला मिळाले ज्याच्या बोलण्याला वजन होते. डॉक्टरला आधी, रुग्णाला नंतर, आणि हत्यारे धुणाऱ्या मामा-मावशींना सर्वांत शेवटी. बेळगाव–निपाणी भागात याला आणखी एक पदर आहे. येथील रुग्णाच्या तोंडाला होणारा सर्वांत मोठा अपाय रुग्णालयात होतच नाही. तो त्याच्या शेतातून, वखारीतून, चुलीपुढून येतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

न्हाव्याच्या पेटीपासून महाविद्यालयापर्यंत

दात उपटणे हे काम जगात बहुतेक ठिकाणी न्हाव्यांच्या आणि बाजारात फिरणाऱ्या वैदूंच्या हाती होते. दहाव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा येथे होऊन गेलेला शल्यचिकित्सक अबुल कासिम अल-जहरावी याने आपल्या 'अत्-तस्रीफ' या ग्रंथात दातांवरील किटण खरवडण्याच्या हत्यारांच्या आकृत्या दिल्या. त्याच ग्रंथात अडाणी न्हावी घाईने दात उपटताना मुळे मोडून आत ठेवतात, कधी जबड्याच्या हाडाला इजा करतात, अशी तक्रारही त्याने केली आहे. रुग्णाला उपचारामुळेच अपाय होऊ शकतो ही जाणीव म्हणजे हजार वर्षांची जुनी आहे. ती कायद्यात उतरायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

हिंदुस्थानात या विषयाला शिस्त लावण्याचे श्रेय डॉ. रफिउद्दीन अहमद यांच्याकडे जाते. पूर्व बंगालमध्ये १८९० साली जन्मलेल्या या गृहस्थांनी अमेरिकेत आयोवा येथे १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि परत येऊन १९२० साली कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी स्वतःच चालविलेल्या सोडा फाउंटनच्या, म्हणजे शीतपेयांच्या दुकानातून उभा केला हे येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. दातांना अपायकारक म्हणून आज ज्या पेयांची यादी होते त्यांच्याच उत्पन्नावर दंतवैद्यक उभे राहिले! पुढे १९३९ साली बंगालमध्ये आणि १९४८ साली संपूर्ण देशासाठी दंतवैद्यांचा कायदा झाला. नोंदणी नसलेल्या माणसाने दात काढणे हा गुन्हा ठरला तो या कायद्याने. १९६४ साली डॉ. अहमद यांना पद्मभूषण मिळाले व पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. दंतवैद्य होऊ इच्छिणाऱ्या येथील मुलाला मुंबईला जावे लागे, नंतरच्या काळात बंगळूर किंवा मणिपाल गाठावे लागे. सात शिक्षकांच्या पुढाकाराने १९१६ साली बेळगावात स्थापन झालेल्या केएलई संस्थेने १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि १९८५ साली दंत महाविद्यालय. पुढे मराठा मंडळाचेही दंत महाविद्यालय शहरात उभे राहिले. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, चंदगड या भागांतील माणसाला अक्कलदाढ काढायला किंवा कवळी बसवायला शिक्षण-रुग्णालयाचा पर्याय मिळाला तो या काळात. १९८५ हे साल आपण लक्षात ठेवू, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

शिकणाऱ्यांनी मोजलेली किंमत

दंतवैद्यकातील बहुतेक साधने आधी वापरात आली आणि त्यांचे दुष्परिणाम नंतर समजले. ते समजण्याची किंमत अनेकदा शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी स्वतःच्या देहाने मोजली.

सन १८८४ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम हॉल्स्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोकेन टोचून खालच्या जबड्याची नस बधिर करण्याची पद्धत शोधली. आजही दाढ काढण्यापूर्वी विद्यार्थी नेमक्या त्याच जागी सुई टोचतो. औषध तेवढे बदलले आहे. हॉल्स्टेड मंडळींनी हे प्रयोग स्वतःवर आणि आपल्या विद्यार्थ्यांवर केले. त्यांतील अनेकांना कोकेनचे व्यसन लागले, काहींची आयुष्ये त्यात संपली. हॉल्स्टेड स्वतः त्यातून कसाबसा बाहेर आला, पण एक व्यसन सोडवताना मॉर्फिनचे दुसरे जडले.

याच हॉल्स्टेडने पुढे बाल्टिमोर येथे रबरी हातमोजे वापरात आणले. त्याचे कारणही पाहण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्यासाठी पाऱ्याचे द्रावण वापरत, आणि त्यामुळे त्याच्या परिचारिकेच्या हातांची कातडी सोलवटू लागली होती. तिचे हात वाचावेत म्हणून १८९० च्या सुमारास त्याने एका रबर कंपनीकडून पातळ मोजे बनवून घेतले. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये हा विचार त्यात नव्हता, तो नंतर सुचला. शस्त्रक्रियेच्या खोलीत हातमोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रुळले. दाताच्या खुर्चीपाशी पोहोचायला मात्र त्यांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

क्ष-किरणांची कथा याहून दुःखद आहे. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये राँटजेनने हे किरण शोधले आणि दोनच महिन्यांत जर्मनीतील ओटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी तो पंचवीस मिनिटे किरणांपुढे बसला होता. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने हे तंत्र दवाखान्यात आणले. रुग्णाच्या तोंडात फिल्म तो स्वतःच्या बोटांनी धरीत असे. काही वर्षांनी त्या हाताला कर्करोग झाला, बोटे गेली, मग हात गेला, आणि १९२८ साली त्याने जीवन संपवले. बोस्टनच्या विल्यम रोलिन्स या दंतवैद्याने १९०१ च्या सुमारास गिनीपिगांवर प्रयोग करून धोक्याची सूचना दिली होती, पण ऐकणारे थोडे होते. फिल्म बोटांनी धरण्याची सवय पुढेही अनेक दशके टिकली. रुग्ण लहान मूल असेल तर जवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाच 'जरा धर' म्हणणे सर्वांत सोपे असते.

पाऱ्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे लोक ज्याला 'दातात चांदी भरणे' म्हणतात त्या मिश्रणात निम्म्याच्या आसपास पारा असतो. पूर्वी खलात घोटलेले हे मिश्रण तळहातावर मळत आणि कापडात पिळून जादा पारा काढीत. सांडलेला पारा फरशीच्या फटीत जाई आणि बंद खोलीत त्याची वाफ होत राही. ज्याच्या दातात चांदी बसली त्याला यातून थोडाच पारा मिळतो. दिवसभर ती भरणाऱ्याला आणि खोली झाडणाऱ्याला अधिक. बंद कुप्यांतील मिश्रण आल्यावर हा धोका घटला. जपानमधील दुर्घटनेवरून ज्याला मिनामाता करार म्हणतात तो २०१३ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्या दातांत असे मिश्रण भरू नये, असा निर्णय या कराराच्या सदस्य देशांनी २०२२ साली घेतला.

१९८५ नंतर

आता पुन्हा १९८५ कडे वळू. बेळगावात दंत महाविद्यालय सुरू झाले तेव्हा जगभरातील बहुसंख्य दंतवैद्य उघड्या हातांनी काम करीत होते. कावीळ 'ब'चा विषाणू बारूक ब्लुमबर्ग यांच्या १९६० च्या दशकातील संशोधनातून ओळखला गेला होता, त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिकही मिळाले होते. हा विषाणू रक्ताच्या सूक्ष्म थेंबातून पसरतो आणि वाळलेल्या पृष्ठभागावरही सात दिवस जिवंत राहू शकतो. अमेरिकेत १९७० ते १९८७ या काळात दंतवैद्याकडून रुग्णांच्या गटांना ही कावीळ झाल्याच्या अनेक घटना नोंदल्या गेल्या. म्हणजे बोटाला लहानशी चीर असलेला, स्वतःला निरोगी समजणारा डॉक्टर नकळत रुग्णांना रोग देत होता.

१९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून भारतातील पहिले एचआयव्हीबाधित रुग्ण आढळले. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दंतवैद्यांसाठी संसर्गनियंत्रणाच्या सूचना काढल्या. १९८७ मध्ये प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे समजूनच वागावे हे तत्त्व मांडले गेले. १९९० साली फ्लोरिडातील एका दंतवैद्याकडून त्याच्या रुग्णांना एचआयव्हीची लागण झाल्याचे जाहीर झाले आणि जगभर खळबळ माजली. पुढे अशा सहा रुग्णांची नोंद झाली. लागण नेमकी कशी झाली याचा उलगडा आजही पूर्ण झालेला नाही.

म्हणजे बेळगावातील विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकड्या खुर्चीपाशी उभ्या राहत होत्या नेमक्या त्याच वर्षांत या व्यवसायाचे नियम मुळापासून बदलत होते. शिकवणाऱ्यांची पिढी उघड्या हातांची होती, शिकणाऱ्यांची हातमोज्यांची. बोटांना दाताचा स्पर्श कळला पाहिजे, मोज्यातून काय कळणार, असा आक्षेप त्या काळात ठिकठिकाणी ऐकू येत असे. तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण स्पर्श हा या विद्येचा मोठा भाग आहे. पण सुई लागल्यावर होणाऱ्या संसर्गाचे आकडे पाहिले की वाद मिटतो. बाधित रक्ताने माखलेली सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, कावीळ 'क'ची शेकड्यात सुमारे दोन, आणि लस न घेतलेल्या व्यक्तीला कावीळ 'ब' होण्याची शेकड्यात सहा ते तीस! भीती ज्याची जास्त होती त्याहून धोका दुसऱ्याचा अधिक होता.

या दुसऱ्या धोक्यावर लस होती. अमेरिकेत ती १९८१ मध्ये मान्य झाली, परंतु आयात केलेली लस सर्वसाधारण घरातील विद्यार्थ्याला परवडण्याजोगी नव्हती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली देशी लस बाजारात आणली आणि किंमत खाली आली. नंतरच्या दंत विद्यार्थ्यांना शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या तीन मात्रा घेणे शक्य झाले त्याचे बरेचसे श्रेय या कंपनीला जाते. बेळगावकरांना टिळकवाडीतील व्हॅक्सीन डेपोचे मैदान माहीत आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल की ब्रिटिश काळात येथे देवीची लस तयार होत असे? ज्या गावाने लस बनवली त्याच गावातील विद्यार्थ्यांना एका लसीची किंमत उतरण्याची वाट पाहावी लागली. तिसरी मात्रा विसरणारे मात्र आजही सापडतात. सहा महिन्यांनी परीक्षा आलेली असते.

एचआयव्हीची भीती सीमाभागात निराधार नव्हती. पुणे–बंगळूर महामार्गावरील वाहतूक, ऊसतोडीचे व इतर हंगामी स्थलांतर आणि देवदासी प्रथेने नाडलेल्या स्त्रियांची परिस्थिती यांमुळे बेळगाव, बागलकोट हे जिल्हे दीर्घकाळ जास्त प्रादुर्भावाच्या यादीत होते. या रोगाची पहिली खूण पुष्कळदा तोंडातच दिसते, जिभेवर व टाळ्यावर पांढरा बुरशीचा थर येतो. त्यामुळे निदानाचा पहिला मान दंतवैद्याकडे येतो आणि रुग्णाला टाळण्याचा पहिला मोहही त्यालाच होतो. 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य कोणत्या रुग्णाला का ऐकावे लागले याची नोंद कोणत्याच वहीत सापडणार नाही. असा भेदभाव बेकायदेशीर ठरवणारा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ च्या सप्टेंबरपासून अमलात आला. प्रत्येकालाच बाधित समजून काळजी घ्यावी हे १९८७ चे तत्त्व प्रामाणिकपणे पाळले असते, तर कोणाला वगळण्याचे कारणच उरले नसते.

निपाणीची तंबाखू आणि रुग्णाचे तोंड

येथवर खुर्चीपाशी होणाऱ्या धोक्यांचा विचार झाला. परंतु रुग्ण खुर्चीत बसण्यापूर्वीच त्याच्या तोंडात जे घडलेले असते ते बेळगाव–निपाणी भागात अधिक गंभीर आहे, आणि त्याचा इतिहास थेट आदिलशाहीपर्यंत जातो.

अकबर बादशहाचा सरदार असद बेग विजापूरच्या दरबारी गेला असता तेथे त्याने तंबाखू प्रथम पाहिली. १६०४ च्या सुमारास त्याने ती, रत्नजडित चिलमीसह, आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. दरबारातील हकिमाने हरकत घेतली. या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काहीच लिहिलेले नाही, न पारखलेले औषध बादशहांना कसे द्यावे, असा त्याचा मुद्दा होता. असद बेगने वाद घातला की प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. अकबराने पुढे ती सवय लावून घेतली नाही, पण असद बेगने सरदारांना वाटलेल्या पुड्यांनी काम केले आणि व्यापारी ती विकू लागले. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, तिचा उपयोग झाला नाही. हकीम वादात हरला, पण आजच्या ज्ञानानुसार त्याचीच बाजू खरी होती! उत्तर हिंदुस्थानच्या दरबाराला तंबाखू भेटली ती दक्षिणेतून, ज्या राज्यात तेव्हा बेळगावही होते तेथून.

निपाणीच्या आसपासची काळी जमीन विडीच्या तंबाखूला मानवली आणि या पिकाभोवती एक संपूर्ण बाजारपेठ उभी राहिली. शेतकरी, अडते, व्यापारी, वखारवाले आणि वखारीत तंबाखू झोडणाऱ्या, चाळणाऱ्या, निवडणाऱ्या स्त्रिया. त्याच्या जोडीला टेंभुर्णीच्या पानात विडी वळणाऱ्या, मुस्लिम, दलित आणि इतर गरीब घरांतील बाया. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत आंदोलन झाले, शेतकरी महामार्गावर बसले, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी मारले गेले. वखारीतील स्त्रियाही त्याच सुमारास संघटित झाल्या होत्या. युगांतर या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात धुळीने भरलेल्या त्या वखारी पाहायला मिळतात. मजुरी, वेळ, मुकादमाची वागणूक हे प्रश्न तेव्हा ऐरणीवर होते. तोंडाच्या आरोग्याचा प्रश्न कोणाच्या मागणीपत्रात असण्याचे कारण नव्हते. भाकरीचा प्रश्न सुटल्याशिवाय दाताचा प्रश्न निघत नाही.

तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, ओल्या पानातील निकोटीन कातडीतून शिरते आणि मळमळ, चक्कर सुरू होते. याखेरीज दुसरी वाट आहे ती मिश्रीची. तंबाखू तव्यावर भाजून, काळी करून, तिची पूड करायची आणि तिने दात घासायचे, ही पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात व सीमाभागात घरोघरची रीत. काही जण तिला मशेरी म्हणतात. विडी ओढणाऱ्या बाईला समाज नावे ठेवतो, मिश्री लावणारीला नाही, कारण ते 'दात घासणे' आहे. सकाळी एकदा लावणारी बाई हळूहळू दिवसातून चार-पाच वेळा लावू लागते. हिरड्या दुखतात म्हणून लावते, पोट साफ होते म्हणून लावते, भूक मारते म्हणूनही लावते. आपल्याकडे मिस्वाकची परंपरा आहे, कडुलिंबाची काडी आहे, बाभळीची आहे. या सर्वांना बाजूला सारून तंबाखू दातांपर्यंत पोहोचली ती दंतमंजनाचा वेष घेऊन. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. चुलीवर भाजलेल्या मिश्रीला हा नियम लागू कसा करणार?

या सवयीचे परिणाम अंदाजावर सोडलेले नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांच्यासमवेत महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली व १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दंतवैद्यांनी गावोगाव जाऊन एक लाखावर तोंडे उघडून पाहिली, ही गोष्टच विलक्षण आहे. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील पांढरे चट्टे व कर्करोग यांचा संबंध त्यातून ठळक झाला. असे चट्टे दुखत नाहीत. म्हणून रुग्ण त्यांच्यासाठी येत नाही. तो येतो दाढ दुखते म्हणून, आणि दाढ पाहताना विद्यार्थ्याची नजर गालाच्या आतल्या बाजूला गेली तरच ते सापडतात.

सुपारीचे प्रकरण वेगळे. तोंडाच्या आतील कातडी निबर होऊन तोंड उघडेनासे होते, या विकाराचे वर्णन १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांवरून झाले व १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव रुळवले. पुढे कित्येक वर्षे तिखट खाण्याला दोष दिला जात होता. गुटख्याच्या पुड्या १९८० नंतर फोफावल्या आणि हा विकार वयस्कांकडून कॉलेजच्या मुलांकडे आला. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, कर्नाटकाने मे २०१३ मध्ये. मधल्या दहा महिन्यांत कागलला जी पुडी गुन्हा होती ती पलीकडे कोगनोळीला उघड विकता येत होती. सीमेने भाषेचे आणि शाळांचे प्रश्न निर्माण केले हे आपण नेहमी बोलतो, तिने रोगाच्याही दोन तारखा केल्या हे कमी वेळा बोलले जाते.

अशा रुग्णाला खुर्चीत बसवणारा विद्यार्थीही या सवयीपासून अलिप्त असतोच असे नाही. वसतिगृहाबाहेरची टपरी सर्वांसाठी सारखीच उघडी असते. सकाळी रुग्णाला तंबाखू सोडायला सांगणाऱ्या तोंडात संध्याकाळी मावा असला तर रुग्णाला ते वासावरून कळते.

कोविड आणि त्यानंतर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा दातांचे ड्रिल हेच भीतीचे कारण ठरले, कारण त्याच्या पाण्याच्या फवाऱ्याबरोबर लाळेचे कण हवेत उडतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०२० मध्ये तातडीचे नसलेले दंतोपचार पुढे ढकलावेत असे सुचवले. विद्यार्थ्यांचे हाताने शिकण्याचे महिने बुडाले. रुग्णांचे चट्टे मात्र वाढायचे थांबले नव्हते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी आली. मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांचे वरचे दात अचानक हलू लागत, टाळा काळा पडे, कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. हे पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत दंतवैद्य होते.

हत्यारे धुणारे हात आणि केसपेपरवरील रकाने

दंत रुग्णालयात सर्वांत जास्त हत्यारे हाताळतो तो हत्यारे वापरणारा नव्हे, धुणारा असतो. विद्यार्थी दिवसाला चार रुग्ण पाहील, मावशी चाळीस रुग्णांची हत्यारे घासते. टोपण न लावलेली सुई ट्रेमध्ये राहिली तर ती तिला लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले, २०१६ मध्ये सुधारले गेले. सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल पिशवीत टाकायचे, हे आता विद्यार्थी पाठ म्हणतात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ 'ब'ची लस द्यावी असे २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. कंत्राटदाराचे मजूर दर सहा महिन्यांनी बदलतात आणि लसीची तिसरी मात्राही सहाव्या महिन्यात असते, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात.

दुसरी बाब केसपेपरची. दंत महाविद्यालयाच्या केसपेपरवर 'सवयी' असा रकाना असतो, त्यात तंबाखू, सुपारी, विडी विचारतात. मिश्री लावणारी बाई 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणते, आणि तिच्या दृष्टीने ते खरेच असते. तिला 'दात कशाने घासता?' असे विचारावे लागते. 'व्यवसाय' हा रकानाही असतो. घरी बसून दिवसाला शेकड्यांनी विड्या वळणारी निपाणीची बाई तेथे 'घरकाम' सांगते, विद्यार्थी तसेच लिहून घेतो आणि ती तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढते ही माहिती कागदावरून निघून जाते. असे केसपेपर वर्षानुवर्षे साठतात, त्यांवरून पदव्युत्तर प्रबंध होतात, आणि प्रबंधातील तक्त्यात ती बाई 'गृहिणी' म्हणून मोजली जाते. चिकोडी–निपाणी भागातून आलेल्या रुग्णाला विडी वळता का, वखारीत जाता का, घरात कोणी जाते का, हे तीन प्रश्न मराठीत, कन्नडमध्ये आणि दखनी उर्दूत विचारायला विद्यार्थ्याला दोन मिनिटे पुरतात.